सहा महिन्यांनी या

आमच्या घरात तोंड उघडून बघितलं जातं ते फक्त बैलांचं. सासरे, म्हणजे आमचे मामा, शर्यतीच्या बैलांचे शौकीन. दर महिन्याला जनावरांचा डॉक्टर गोठ्यात येतो, खुरं बघतो, पोट दाबतो, आणि मामा स्वतः वेसण धरून बैलाचा खालचा ओठ ओढून दात दाखवतात. आदत, दुसा, चौसा, जुळलेला. दातांवरून वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही, बाहेरगावचे लोकही बैल घेताना त्यांना सोबत नेतात. जिच्या हातचं चाळीस वर्षं खाल्लं, त्या बायकोचं तोंड मात्र त्यांनी कधी उघडून बघितलं नाही. माणसाचंही बघायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना मी फार दोष देत नाही. मला ठाऊक होतं. गावात आरोग्याची कामं करणारी आशा मीच. बारा वर्षं मी घरोघर हेच सांगत हिंडतेय.

माझं माहेर पिंपळवंडीचं, सासर निरगुडसरच्या अलीकडचं एक लहान गाव. सासूबाई आण्याच्या पठारावरच्या. त्यांना मी आत्या म्हणते. पठारावर पाण्यासाठी मैल मैल चाललेली बाई, त्यामुळे आमच्याकडे कालव्याचं पाणी आलं तरी त्यांचं तोंड धुणं एका तांब्यात उरकायचं आणि तांब्यात अर्धं पाणी शिल्लक राहायचं. स्वभावानं कडक. सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या भाकरीला नाव ठेवलं आणि पुढची वीस वर्षं ठेवत राहिल्या. आमचं पटायचं नाही असं नाही, पण दोघींच्याही नाकावर राग असायचा आणि माघार कुणी घ्यायची याची वाट दोघीही बघायच्या.

आणि त्यांची मिसरी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, तंबाखू तव्यावर काळी पडेस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं दात-हिरड्यांवर घासायची. आमच्याकडच्या बायकांचं हेच दंतमंजन आणि हीच करमणूक. भाजताना घरभर ठसका लागतो. सकाळी उठल्यावर एकदा, जेवण झाल्यावर एकदा, दुपारी मागच्या दारी चार जणी बसल्या की एकदा. आत्या घासून झाल्यावर थुंकायच्या नाहीत लगेच, डाव्या गालात दाबून ठेवायच्या आणि तशाच कामाला लागायच्या. मिसरीनं दात मजबूत होतात यावर त्यांचा देवावर असावा तेवढा विश्वास. मी प्रशिक्षणाला जाऊन आले की त्यांना तंबाखूवर भाषण द्यायची आणि त्या म्हणायच्या, "तुझं दात मोज, माझं मोज, मंग बोल." मोजले असते तर त्यांचेच जास्त भरले असते. माझी एक दाढ पंचविशीतच गेलेली.

त्यांच्या दातांवर किटण मात्र असं चढलं होतं की दात कुठं संपतो आणि किटण कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. खालच्या पुढच्या दातांमागे तर एक सलग पिवळी-काळी भिंतच. हिरड्यांतून रक्त यायचं. पदराच्या टोकाला पुसून टाकायच्या.

त्या वर्षी आम्हाला वरून सांगणं आलं होतं की बायकांना दातांच्या तपासणीला पाठवा, मिसरीवाल्यांना तर नक्की पाठवा. मी तीस घरं फिरले. तीस घरांतून एकच उत्तर. दुखत नाय तर कशाला जायचं? दवाखाना म्हणजे दुखल्यावर जायची जागा, न दुखता गेलं तर डॉक्टर दुखणं काढून हातात देतो, ही आमच्या बायकांची पक्की समजूत. मी वैतागले. म्हटलं, आशाताईची स्वतःची सासू गेली की गाव आपोआप मागून येईल. खरं सांगायचं तर आत्यांच्या दातांची काळजी मला तेव्हा नव्हतीच. मला माझं काम दाखवायचं होतं.

"मला काय धाड भरलीय?" असं त्या तीनदा म्हणाल्या. मी तीन दिवस मागे लागले. चौथ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्या नवीन लुगडं नेसून ओट्यावर बसलेल्या. "चल, काय म्हंतीय ती तुझी डॉक्टरीण, बघू." वडाप जीपमधून आम्ही नारायणगावला गेलो.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला मऊ. खुर्ची मागे झुकली तशा आत्या दचकल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी पदर धरला. बाईमाणसानं परक्यापुढे तोंड वासायचं, तेही उताणं झोपून, हे त्यांना जन्मात ठाऊक नव्हतं. हसतानासुद्धा त्या तोंडावर पदर घ्यायच्या. मी त्यांचा एक हात धरून उभी राहिले. मशीन सुरू झालं, पाणी उडायला लागलं, आणि किटणाचे खडे निघून त्या लहानशा वाटीत टक्‌ टक्‌ पडायला लागले. मध्येच चूळ भरायला सांगितलं तर त्यांनी घोटभर पाण्यातच भागवलं. डॉक्टरीण म्हणाली, आजी, भरपूर घ्या पाणी. तर म्हणाल्या, "लई झालं की." त्या दिवशी फक्त खालचे दात साफ झाले. वरचे पंधरा दिवसांनी करू असं ठरलं.

आत्या तोंड धुवायला बेसिनकडे गेल्या तेव्हा डॉक्टरणीनं मला टेबलाशी बोलावलं. बेसिन चार पावलांवर होतं. ती म्हणाली, "किटणानं दात आवळून धरले होते. आता ते निघालंय, तर काही दिवस दात हलल्यासारखे वाटतील, पाणी झोंबेल. घाबरू नका, हिरडी सुधारली की बसतं. आणि दुसरी गोष्ट. डाव्या गालाच्या आत, मिश्री धरतात तिथं, एक पांढरा चट्टा आहे. आज काळजीचं नाही. पण मिश्री बंद करायला लावा आणि सहा महिन्यांनी मला तो पुन्हा बघायचाय. वाढला असेल तर छोटा तुकडा काढून तपासू. दर सहा महिन्यांनी यायचंच, दुखो ना दुखो." मी मान डोलवली. मी स्वतः हेच शब्द लोकांना सांगते, त्यामुळे मान डोलवायला मला फार वेळ लागत नाही.

संध्याकाळी आत्या भाकरीचा पापुद्रा मोडायला गेल्या आणि खालचा पुढचा दात हलला.

मग काय विचारता. हातातली भाकरी ताटात आपटली. "माजं धडधाकट दात! खडकावानी व्हतं! हालवून ठिवलं त्या पोरीनं!" मी सांगायला गेले की हे होतं, डॉक्टरीण म्हणाली होती, थोड्या दिवसांत बसेल. पण कोण ऐकतंय? मामा गोठ्यातून आले आणि त्यांनी निकाल दिला. "बैलाचं दात कुनी घासतं का? मरंस्तवर टिकत्यात. त्यांना कशाला पायजेल मशीन?" माझे मालक जेवत होते, ते जेवतच राहिले. आईची बाजू घ्यायची नाही आणि बायकोचीही नाही, यात त्यांची हयात गेलीय.

दोन दिवसांत गावभर झालं. आशाबाईनं सासूचे दात हलवले. किटणानंच दात घट्ट राहतात, ते काढलं की दात गेले, हे आमच्याकडे आधीपासूनच बोललं जायचं, आता डोळ्यादेखत पुरावा मिळाला. ज्या दोघी-तिघी माझ्या शब्दावर यायला तयार झाल्या होत्या, त्यांनी मला बघून दार लोटायला सुरुवात केली. एका घरात तर म्हातारीनं मला आपला शेवटचा दात बोटानं हलवून दाखवला आणि म्हणाली, "ह्यो तरी ऱ्हाऊ दे, बाई."

मला राग आला. असा राग की जेवण गोड लागेना. पंधरा दिवस झाले तेव्हा वरचे दात साफ करायला जायचं होतं. आत्या ओसरीवर बसल्या होत्या. मी दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी काय कुणाला न्यायची नाही आता. माझंच चुकलं. पुन्हा दाताचं नाव काढणार नाही." आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, जिंकले.

चट्ट्याचं मी घरात बोललेच नाही. कसं बोलणार? दात हलवून भागलं नाही, आता रोगही चिकटवते, असंच म्हणाले असते. हे कारण खोटं नाही. पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं लिहायला मला जड जातं, तरी लिहिते. मला आतून थोडं बरं वाटत होतं. वीस वर्षं माझ्या भाकरीला नावं ठेवणाऱ्या बाईला तिच्या भल्याचं काही सांगायचं माझ्या हातात होतं आणि मी ते सांगत नव्हते. भोगा म्हटलं. एवढं मोठं काही होईल असं मनात नव्हतं हो. पण भोगा म्हटलं होतं, हे खरं.

सहा महिने भरले तेव्हा यात्रांचे दिवस होते. आमच्याकडे चैत्रात गावोगाव घाट भरतात, बैलगाडे पळतात, आणि आमच्या घरातली गाडी, माणसं, दूध, अंडी सगळं बैलांच्या मागे असतं. बैलांना नेण्याआधी जनावरांचा डॉक्टर दोनदा येऊन गेला. मला तारीख आठवत होती. तपासणीच्या तारखा आठवणं हा माझा धंदाच आहे, गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची मला तोंडपाठ असते. एका दुपारी मेथी निवडताना मी आत्यांना म्हटलं, "ते दाताच्या डॉक्टरकडं जायचं होतं, जायचंय का तुम्हाला?" त्यांनी मेथीवरची नजर वर केली नाही. "मला काय झालंय?" म्हणाल्या. मी म्हटलं, बरं. आणि विषय संपला. मला सुटल्यासारखं झालं. विचारलं तर होतं ना मी? नको म्हणाल्या ना त्या?

मिसरी चालूच होती. दात हलायचे थांबले होते. डॉक्टरीण म्हणाली होती तसेच बसले होते, पण हे गावात कुणी कुणाला सांगितलं नाही. दात हलले ही बातमी होती. दात बसले ही बातमी नव्हती.

पुढच्या वर्षी तिशीपुढच्या सगळ्यांचे फॉर्म भरायचं काम आलं. त्यात एक प्रश्न असतो, तोंडात बरी न होणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा आहे का? नियमानं प्रत्येकाला समोर बसवून विचारायचं. पण फॉर्म शेकड्यांनी आणि मी एकटी, त्यामुळे घरच्यांचे आणि भावकीतल्यांचे मी एका दुपारी स्वयंपाकघरात बसून भरून टाकले. मामा, नाही. मालक, नाही. आत्यांच्या कागदावर त्या प्रश्नाशी माझा हात थांबला. आत्या तेव्हा मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या, हाक मारली असती तर ओ दिली असती. मी ‘नाही’वर खूण केली आणि पुढचा कागद घेतला. ती खूण अजून कुठल्या तरी गठ्ठ्यात असेल.

त्यानंतर किती दिवसांनी ते सुरू झालं, मला नक्की सांगता येत नाही. आधी त्यांनी ठेचा सोडला. मग भाकरी दुधात कुस्करायला लागल्या. मला वाटलं, वय झालं. मला असं वाटावं अशी माझी इच्छा होती, असंही म्हणता येईल. बोलणं कमी झालं तर घरात शांतता आली म्हणून मला बरं वाटलं. कांदा निवडायला बसलो होतो तेव्हा त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पदर लाल झाला. दाताचं रक्त असं पुसटसं येतं. हे तसं नव्हतं.

मी मोबाईलची बत्ती लावली आणि म्हटलं, आत्या, तोंड उघडा. कांद्याच्या ढिगाशी, चार बायकांसमोर, त्यांनी निमूट तोंड उघडलं. जेवढं उघडलं तेवढं. आत डाव्या गालात खडबडीत, उचललेली, मधे खड्डा पडलेली जखम. मला प्रशिक्षणात दाखवलेल्या चित्रासारखी तंतोतंत.

पुण्याला नेलं. तुकडा काढला, तपासला, आणि तेच निघालं. जबड्याचा डावीकडचा भाग काढायचा, गाल काढायचा, छातीवरचं मांस घेऊन तिथं लावायचं, नंतर किरणांचे शेक द्यायचे. डॉक्टर सगळं चित्र काढून समजावत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "आधी कधी कुणी तोंड तपासलं होतं का यांचं?" मी तोंड उघडायच्या आत माझे मालक बोलले. आयुष्यात एकदा ते पटकन बोलले. "दात साफ केले होते ना मशीननं. तेव्हापासूनच बिघडलं सगळं." डॉक्टर म्हणाले, "साफ केल्यानं हे होत नाही हो. उलट तेव्हापासून दर सहा महिन्यांनी कुणाला दाखवत राहिला असतात, तर नखाएवढा तुकडा काढून भागलं असतं. जबडा राहिला असता." मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होते. त्या चित्रातले दात पांढरेशुभ्र होते आणि हिरड्या गुलाबी.

शस्त्रक्रिया झाली. आत्या वाचल्या. घरी आल्या तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू आत बसलेली, गळ्याला कातडीची शिवण, तोंडातून लाळ ओघळायची ती टिपायला हातात कायम फडकं. डावीकडचे दात जबड्याबरोबर गेले, उजवीकडचे बहुतेक शेक द्यायच्या आधी काढावे लागले. ज्या दातांना खडकासारखे म्हणायच्या, त्यातले वरचे दोन-तीन राहिले. भाकरी गेली ती गेलीच. नाचणीची पेज, पातळ खिचडी, दूध. बोललेलं कळायचं नाही. पुढे पुढे मला कळायला लागलं, मामांना अजूनही नीट कळत नाही. बोलणं कळेना म्हणून ते मोठ्यानं बोलतात, जसं काही आत्यांचे कानच गेलेत.

आणि गावानं काय केलं? मशीनवर खापर फोडलं. बघायला येणारी प्रत्येक बाई दारातून तेच बोलत आत यायची. "बरी व्हती की म्हातारी. त्या मशीननं घात केला." मामाही लोकांना तेच सांगायचे. माझ्या मालकांनी पुण्याच्या डॉक्टरांचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तेही मान डोलवायचे. त्यांना सोपं पडत होतं. आणि मी? मी चहा करायची. मी एकदाही म्हटलं नाही की मशीननं काही केलं नाही, उलट तिथंच पहिल्यांदा हे कुणाच्या तरी नजरेला पडलं होतं. कारण ते म्हटलं असतं की पुढचा प्रश्न आलाच असता. मग परत का नाही नेलं?

त्यानंतर तपासणीची गाडी गावात आली होती. देवळापुढच्या पारापाशी सकाळपासून उभी. आतले डॉक्टर खाली उतरून मला विचारायला लागले, ताई, तुमच्या गावात दात नाहीत का कुणाला? दिवसभरात तीन माणसं आली, तिन्ही पुरुष, आणि एक तर रक्तदाब मोजायला. बायका लांबून बघून जात होत्या. माझ्या गावातल्या निम्म्या बायका मिसरी लावतात, त्यांच्यातल्या किती जणींच्या गालात काय आहे, देव जाणे. मी गाडीच्या सावलीत मूग गिळून उभी राहिले. हे पाप पहिल्यापेक्षा मोठं आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याअखेर एका दुपारी आमची शेजारीण आली. माझ्याच वयाची, मिसरी माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. आत्या खाटेवर बसल्या होत्या, मी त्यांना पेज भरवत होते. शेजारीण आधी इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, "आगं, माज्या बी गालात आतून खरखर लागतंय. पांढरं झाल्यावानी दिसतंय आरशात. दाखवावं का कुनाला? पर आत्यांचं आसं झालं म्हनून भ्या वाटतंय."

मी पेजेची वाटी ढवळत राहिले. दाखव, आजच दाखव, एवढंच बोलायचं होतं. पण ‘आत्यांचं मशीननं नाही झालं’ हे त्याच्या आधी बोलावं लागलं असतं, आणि आत्या तिथंच बसल्या होत्या. मी म्हटलं, "बघू पुढच्या महिन्यात. मी विचारून ठेवते." तिला तेच हवं होतं. ती उठून गेली.

आत्यांनी माझं मनगट धरलं. वाटी हिंदकळली. त्यांनी लाळ टिपली आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलल्या. मी त्यांचं बोलणं सवयीनं समजते, त्या दिवशी मात्र समजू नये असं वाटलं.

"डॉक्टरीण बोलली व्हती. सा म्हयन्यानं या. मी आयकलं व्हतं."

मला वाटलं, माझ्या कानांचा काही दोष असेल. बेसिनशी चूळ भरत होत्या त्या. चार पावलांवर.

"मग आत्या," मी म्हटलं, "तुम्ही बोलला का नाही? मी मेथी निवडताना विचारलं होतं तर नको म्हणालात."

"तू इचारलंस," त्या म्हणाल्या. "चला म्हनली न्हाईस."

पुढचं बोलायला त्यांना वेळ लागला. मध्ये दोनदा थांबल्या. यात्रेच्या त्या महिन्यात नवीन लुगड्याची घडी पेटीतून काढून त्यांनी उशाशी ठेवली होती. पहिल्यांदा मी तीन दिवस मागे लागले होते, तशी लागेन, मग उठू, असं त्यांना वाटलं होतं. यात्रा संपली. बैल परत आले. मग एक दिवस त्यांनी ती घडी परत पेटीत ठेवली.

आमच्या घरांतून बाई कधी म्हणत नाही की मला दवाखान्यात न्या. जेवायला बसल्यावर आणखी वाढा असं तरी कोण म्हणतं? वाढणाऱ्यानं आग्रह करायचा असतो. नको म्हणायचं असतं, पुन्हा नको म्हणायचं असतं, आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं असतं. मी या घरात वीस वर्षं पंगतीत वाढलेय. समोरच्याच्या कुठल्या ‘नको’त भूक आहे हे मला बरोबर कळतं. त्यांच्या त्या ‘मला काय झालंय’मधलंही कळलं असणार. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

त्यांना मी विचारलं, मशीननं झालं म्हणतात लोक, तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात? त्यांनी फडक्यानं तोंड झाकलं आणि हातानंच माझ्याकडे बोट केलं. माझ्यासाठी. सुनेनं हयगय केली असं गावात होऊ नये म्हणून. ज्या बाईला मी मनातल्या मनात भोगा म्हटलं होतं, तिनं असं केलं. ती जर मला चार शिव्या घालती तर मी आयुष्यभर तिच्याशी भांडायला मोकळी राहिले असते.

संध्याकाळी गोठ्यापुढे मामा आणि माझे मालक बसले होते. मी जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. चट्टा, सहा महिने, फॉर्मवरची खूण, सगळं. मामा बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "झालं ते झालं. भाईर बोलू नगंस." माझे मालक म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?" एवढंच. रागावलेसुद्धा नाहीत. मी मार खायच्या तयारीनं गेले होते आणि त्यांना त्याचंही काही वाटलं नाही. मला स्वतःची जेवढी चीड होती तेवढीच त्यांची आली.

बाहेर बोलू नको म्हणाले होते, मी शेजारणीच्या घरापासून बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, नको बाई, मला काय झालंय? मी तिच्या उंबऱ्यात बसून राहिले, तिनं लुगडं बदलेपर्यंत उठले नाही. तिचा चट्टा लहान निघाला. तुकडा काढून तपासला, तो पुढे गेलेला नव्हता. मिसरी सुटली, असं ती म्हणते. दर सहा महिन्यांनी मी तिला नेते आणि दर वेळी ती आधी नको म्हणते. बाकीच्यांतल्या काही येतात. काही जणी मला बघून अजून दार लोटतात, आता त्यांना म्हणायला नवीन कारण मिळालंय, की हिनं स्वतःच्या सासूला नेलं नाही आणि आम्हाला सांगायला येते. त्यांचं बरोबर आहे. दार लोटलं तर मी बाहेर थांबते.

आत्या आहेत अजून. रोज सकाळी न्हाणीपाशी पाटावर बसवून मी त्यांचं तोंड साफ करते. डॉक्टरांनी शिकवलंय तसं बोटाला ओलं फडकं गुंडाळून, आधी राहिलेले दोन-तीन दात, मग हिरड्या, मग लावलेलं मांस. तोंड दोन बोटांएवढंच उघडतं. मी बत्ती लावून डावीकडे बघते, उजवीकडे बघते, जिभेखाली बघते. त्या डोळे मिटून बसतात. कुणी सांगितलेलं नाही, तरी रोज बघते. झालं म्हणेपर्यंत त्या तोंड मिटत नाहीत.